भोवऱ्याची भावंडं

माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात. कात्रीमामा ओळखायचे ते पाठीमागून. बाजारात पुढे चाललेल्या माणसाची नुसती मान दिसली, तरी ते म्हणायचे, "हा आपल्या छापखानेवाल्याचा धाकटा भाऊ असणार." पुढे जाऊन पाहावं, तर तो धाकटा भाऊच निघायचा, निदान चुलतभाऊ तरी. समोरून मात्र त्यांची नेहमी गल्लत व्हायची. रोजच्या गिऱ्हाइकाने रस्त्यात हाक मारली, की ते गोंधळून नुसते बघत राहायचे, गिऱ्हाईक वैतागून चालू लागलं, की त्याची पाठ बघून एकदम म्हणायचे, "अरे, तुम्ही होय!"

त्यांच्या बायकोला हे चांगलं ठाऊक होतं. "माझं तोंड तरी लक्षात आहे ना?" ती विचारायची. "की पाठ करून बसू?"

धंदा न्हाव्याचा. दुकानात खुर्च्या दोन, पण त्यातली एक कित्येक वर्षं मोडलेली, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ऐसपैस बसलेला. दुकान काकांचं. मामा पोरवयात असतानाच त्यांचे आईवडील एकापाठोपाठ एक गेले आणि काका त्यांना आपल्या घरी घेऊन आले. काकांची स्वतःची चार पोरं, त्यात हे पाचवं. शाळेतून आल्यावर काकांनी त्यांच्या हातात फुगवलेला फुगा दिला, त्याला साबणाचा फेस फासला आणि वस्तरा दिला. "हे गिऱ्हाईक समज. फुटलं, तर मेलं." चारही चुलत भावंडं कानांवर हात ठेवून बघायला बसली होती. घरातले फुगे संपले, तेव्हा कुठे हात बसला.

पुढे मोठेपणी मामांच्या लक्षात आलं, की तसं पाहिलं तर आपण अनाथच होतो. पण तो शब्द आपल्याला कधी कोणी लावला नाही. का लावला नाही, याचं त्यांना मोठं कुतूहल होतं. पुष्कळ विचार करून त्यांना एवढंच सापडलं, की आपल्यावर ओरडणारं माणूस ठरलेलं होतं. फुगा फुटला की काकाच ओरडायचे, दुसरं कोणी नाही.

बहुधा या कुतूहलापायीच त्यांनी बालगृहातलं काम घेतलं. गावात बालगृह एक, पण इमारती दोन. मुलांची जुन्या टाकीपाशी, मुलींची गावाच्या दुसऱ्या टोकाला, बस आगाराच्या मागे. दोन्हीकडचा कारभार बघायच्या मोठ्या बाई. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मामा पिशवी घेऊन मुलांच्या इमारतीत जायचे, व्हरांड्यात स्टूल मांडायचे आणि एकेका पोराच्या गळ्याभोवती चादर बांधायचे.

त्यांच्या आधीचा न्हावी सगळ्यांच्या डोक्यावरून एकाच मापाचं मशीन फिरवायचा. काम झटपट, उवांचा प्रश्न नाही. पण रस्त्याने चाललेली पोरं नुसत्या डोक्यावरून ओळखू यायची, की ही बालगृहातली. मामांनी पहिल्याच दिवशी पहिल्या पोराला विचारलं, "बोला साहेब, कसे ठेवू?"

पोराला वाटलं, ही काहीतरी परीक्षा आहे. "असतात तसे," तो जपून म्हणाला.

"कसे असतात?"

"मला कुठे दिसतात?"

पुढच्या खेपेपासून मामा पिशवीत आरसा घालून नेऊ लागले. त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागू लागला, कारण प्रत्येक पोराला स्वतःविषयी काहीतरी मत निघालं. एकाला कान झाकलेले हवे, एकाला उघडे. एकजण म्हणाला, "पुढून थोरल्यासारखे आणि मागून लहान मुलासारखे ठेवा."

यातच एक पोरगा होता, आठ-नऊ वर्षांचा. त्याला सगळे वकील म्हणायचे. कारण विचारायची गरजच नव्हती. मामांनी म्हणावं, "मान खाली," तर हा म्हणायचा, "किती खाली? मागच्या वेळी तुम्ही खाली म्हणालात आणि मग म्हणालात, इतकी नको. आधी ठरवून सांगा." जेवायच्या पंगतीत केळं लहान आलं, तर भांडण नाही करायचा, बाजू मांडायचा.

या वकिलाच्या डोक्याने मामांना पहिल्या दिवसापासून छळलं होतं. सगळ्यांचा भोवरा माथ्यावर असतो. याच्या माथ्यावर काहीच नव्हतं. याचा भोवरा कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात, तोही उलटा फिरणारा. आणि दुसरा एक मानेच्या खळगीवर, त्यामुळे मानेवरचे केस खाली उतरायच्या ऐवजी वर चढायचे. पाणी मारा, तेल लावा, ऐकायचं नाव नाही. उभ्या आयुष्यात मामांनी असं डोकं पाहिलं नव्हतं. दुकानात आजोबा, बाप आणि नातू ओळीने येऊन बसायचे, तेव्हा तिघांचा भोवरा एकाच जागी बघून मामांना फार बरं वाटायचं. त्यांचा सिद्धांतच होता. तोंडं बदलतात, नाकं आजोळहून येतात, भोवरा मात्र घराण्याचा असतो. मग हे घराणं कुठलं? या पोराचा बाप कोणत्या गावात, कोणाच्या खुर्चीत, मानेवरून वर चढणारे केस घेऊन बसत असेल? वकिलाचे आईवडील अपघातात गेले एवढंच बालगृहात सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे कोणी काही बोलत नसे.

मग असं झालं, की मुलींच्या इमारतीत केस कापायला येणारी बाई आपल्या लेकीकडे परगावी राहायला गेली. मोठ्या बाईंनी विचारलं, "मामा, दुसरी कोणी मिळेपर्यंत मुलींचं काम बघाल का?" मामा हो म्हणाले. मुलींचे केस कापायचा सराव नव्हता, म्हणून घरी बायकोच्या केसांवर हात साफ करायची त्यांनी परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

त्या दिवशी तिसरी की चौथी मुलगी स्टुलावर चढून बसली. पाच वर्षांची असेल. तिला मुंगी म्हणत. कुठे साखर सांडली, की ही हजर. मामांनी तिच्या केसांत कंगवा घातला आणि तो कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात अडकला. त्यांनी केस बाजूला केले. उलटा भोवरा. त्यांनी मान पुढे वाकवली. खळगीवर दुसरा, आणि केस वर चढलेले.

कात्री तशीच हातात राहिली. मागच्या मुली म्हणू लागल्या, "काय झालं मामा? उवा?"

"मुंगे," मामा हळूच म्हणाले, "तुला भाऊ आहे का गं?"

मुंगीने जरा विचार केला. "असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"नाही म्हणून कोणी सांगितलं नाही."

घरी येईपर्यंत मामांना दम निघेना. बायको एका बेकरीत पाव मोजून बांधायचं काम करायची, ती नुकतीच येऊन पाय मोकळे करत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, भोवऱ्यावरून भावंडं लावायला लागलात? उद्या म्हणाल, अमक्याचा चष्मा तमक्यासारखा, म्हणजे तो त्याचा बाप."

"चष्मा दुकानातून येतो. भोवरा कुठून येतो?"

"तुम्ही आधी मोठ्या बाईंशी बोला. आणि पोरांपुढे तोंड उघडू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही."

हे अगदी खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं तेच खलाशीबुवा, आणि मामांनी त्यांच्या गालाला फेस लावता लावता सगळं सांगून टाकलं. खलाशीबुवा म्हणजे निवृत्त झालेले जहाजावरचे स्वयंपाकी. त्यांनी जगातली बंदरं पाहिली होती, म्हणजे निदान बंदरावरचे बाजार तरी.

"मला सांगा, बुवा," मामा म्हणाले, "बाकीच्या मुलखांत अशा पोरांचं काय करतात?"

"वस्तरा बाजूला घे, मग सांगतो." फेसातून नुसते डोळे आणि ओठ दिसत होते. "एका बंदरात मी पाहिलं, एक पोरगं अख्ख्या गल्लीचं होतं. जेवायला एका घरी, झोपायला दुसऱ्या घरी, मार खायला तिसऱ्या घरी. त्याला विचारलं, तुझं घर कोणतं? त्याने हात असा सगळीकडे फिरवला. थंडीच्या मुलखात वेगळंच. तिथे मोठमोठी बालगृहं होती, ती बंद केली म्हणे. आता पोराला एखाद्या कुटुंबात ठेवतात आणि सरकारी बाई येऊन बघून जाते, सगळं ठीक आहे ना, पोरगं हसतं का. आणि एका ठिकाणी तर पंधरा वर्षांची पोरगी घर चालवत होती. खाली तिघं भाऊ. शेजारणी आळीपाळीने डोकावून जायच्या, एवढंच. बाकी कारभार तिचाच. जहाजावर मला कांदे विकायला यायची. घासाघीस अशी करायची, की मला घाम फुटायचा."

"आणि सख्खी भावंडं? ती वेगळी करतात का?"

"जिथे जमतं तिथे नाही करत. जिथे जमत नाही तिथे करतात. सगळीकडे सारखंच आहे रे बाबा, खोल्या कुठे कमी, कुठे जास्त. आता दाढी कर, फेस वाळला."

मोठ्या बाईंनी मात्र मामांचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. त्या खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या, बाहेर मुली दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. "पूर्वी झालंय असं," त्या म्हणाल्या. "भाऊ एका दाराने आत गेला, बहीण दुसऱ्या दाराने, आणि नावं नोंदवणाऱ्याने विचारलंच नाही. मी आल्यापासून नाही होऊ दिलं, पण ही दोघं माझ्या आधीची आहेत, आणि तेव्हाच्या वहीत तारखाच धड नाहीत. मुलाला इथे घेऊन आलेली आया आता तिच्या गावी असते. तिला शोधते. तोवर मामा, एक शब्द बाहेर नको."

"नाही बाई. माझ्याकडून नाही."

पुढच्या खेपेला वकील स्टुलावर बसला. मामांनी ठरवलं होतं, की आज डोक्याकडे बघायचंच नाही. तरी त्यांनी एकदा कपाळाचा कोपरा बघितला, मग मान बघितली, मग पुन्हा कोपरा बघितला.

"मामा, तुम्ही माझं डोकं तपासताय का?"

"छे रे. कापतोय."

"कात्रीचा आवाज आला नाही."

"बोथट झाली आहे."

"बोथट झाली तर जास्त आवाज येतो. तुम्हीच म्हणाला होतात."

कात्रीमामा वस्तऱ्याला कधी भ्याले नाहीत, पण या पोरापुढे त्यांची त्रेधा उडाली. आणखी दोन-तीन प्रश्नांत सगळं बाहेर आलं. वकील चादरीतून हात काढून उतरला. अर्धे केस कापलेले, अर्धे राहिलेले.

"ती किती मोठी आहे?"

"लहान आहे. पण अजून नक्की नाही रे. मोठ्या बाई चौकशी करतायत."

"चौकशी चालू असताना भेटता येतं का?"

तो तसाच, अर्ध्या डोक्याने, मोठ्या बाईंकडे गेला. बाई मामांवर चिडल्या आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पण पोराच्या कानावर गेलेलं परत काढता येणार नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं, की महिन्यातून एकदा मुलींना नातेवाईक भेटायला येतात, त्या रविवारी मामांनी वकिलाला घेऊन यावं. ओळख होऊ दे. भाऊ-बहीण हा शब्द कोणी काढायचा नाही.

भेटीचा दिवस म्हणजे मोठ्या खोलीत बाकं मांडलेली असायची. कोणाची आत्या, कोणाची आजी, कोणाचा तुरुंगातून सुटून आलेला बाप. ज्या मुलींकडे कोणी येत नसे, त्या वरच्या मजल्यावर चित्रं काढत बसायच्या. मुंगी नेहमीच वर असायची. त्या दिवशी तिला खाली बोलावलं, तेव्हा तिला वाटलं, आपण काही चोरलं होतं ते सापडलं. तिने मुठीतला साखरेचा खडा आधीच पुढे केला.

वकिलाने शर्ट खोचला होता. केसांवर इतकं पाणी मारलं होतं, की कानामागून गळत होतं. तो समोर बसला आणि त्याने सरळ कामाला सुरुवात केली.

"तुला आंबट आवडतं?"

"हो."

"मलाही. कुत्र्याची भीती वाटते?"

"नाही."

"मला वाटते. पण ते चालतं, तेवढा फरक असतो. झोपेत बोलतेस?"

"मी झोपलेली असते, मला काय माहीत?"

वकिलाने मामांकडे पाहिलं. हे उत्तर त्याला भलतंच आवडलेलं दिसलं.

त्यानंतर तो दर महिन्याला जाऊ लागला. मामांना वाटेत काही बोलू द्यायचा नाही, कारण मनात यादी चाललेली असायची. मुंगीला बुटाची नाडी बांधायला शिकवायची. मुंगीला त्रास देणारी जी मोठी मुलगी आहे, तिच्याशी बोलायचं. तिसऱ्या खेपेला मुंगी जिन्यावरून धावत आली आणि सगळ्या आत्या-आज्यांच्या देखत ओरडली, "दादा आला!" शब्द कोणी काढायचा नव्हता, तो तिनेच काढला. मामांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

आणि मग ती आया सापडली. बाईंनी तिला बोलावून घेतलं. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण स्मरणाला पक्की. मामांसमोरच ती म्हणाली, "त्याला मीच दवाखान्यातून आणला. बाप जागीच गेला होता. आईला मी शेवटची पाहिली. पोरगं तिच्या शेजारी ठेवलं, तिने बोट धरलं त्याचं, आणि गेली. आणि ही मुलगी? ही आली, तेव्हा तीन-चार दिवसांची होती. तोवर त्याची आई जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती. मेलेल्या माणसांना लेकरं होत नाहीत, बाई."

मामा म्हणाले, "पण भोवरा..."

"भोवरा काय, माझ्या शेळीलापण असतो," म्हातारी म्हणाली.

वकिलाला सांगायचं काम मामांनी स्वतःकडे मागून घेतलं. व्हरांड्यात, स्टुलावर, चादर न बांधता. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. आईने बोट धरलं होतं, तेही सांगितलं. वकील एकाही वाक्यावर हरकत न घेता ऐकत राहिला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, मला कळतं."

"मुंगीला सांगितलं?"

"अजून नाही."

"मग मी आता जाणार नाही."

"का रे? ती वाट बघेल."

"मी तिचा कोण म्हणून जाऊ? तिथे नातेवाईक बसतात." तो उतरला. "आणि माझे केस आता तुम्ही नका कापू."

तो त्या खेपेला स्टुलावर बसला नाही, आणि पुढच्याही. केस वाढून मानेवर वर चढले. भेटीचा रविवार आला आणि गेला. मुंगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली होती, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. तिचे केस कापायला मामा गेले, तेव्हा तिने विचारलं, "दादा रागावलाय का? मी नाडी चुकीची बांधली म्हणून?" मामांनी कसेबसे केस कापले. त्या दिवशी तिची एक बाजू आखूड झाली.

घरी त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. बायकोने ताट पुढे सरकवलं.

"आता काय झालं?"

"काय होणार? दोन पोरांना मी एकमेकांना दिलं आणि काढून घेतलं. नातं नाही, तर नाही. त्यात कोणाचं काय चालतं?"

बायको म्हणाली, "तुमचा आणि काकांचा भोवरा जुळायचा का हो?"

मामा जेवता जेवता थांबले. जन्मभर त्यांनी काकांचं डोकं पाहिलं होतं. म्हातारपणी त्यांची दाढी तेच करायचे. पण भोवरा?

"काकांना केसच कुठे होते," ते म्हणाले. "मला आठवतंय तेव्हापासून टक्कल."

"आणि तुमचं काही अडलं?"

मामांना आधी हसू आलं. मग ते हसता हसता तसेच बसून राहिले, आणि बायको उठून पाणी आणायला गेली, ते बरंच झालं.

दुसऱ्याच दिवशी ते मोठ्या बाईंकडे गेले. "त्यांना भेटू द्या. नातेवाईक नसतील."

"मामा, नियम मी केलेला नाही, पण तो मला पटतो. कोणीही येऊन म्हणतं, मी हिचा अमका, मी हिचा तमका. सगळेच तुमच्यासारखे नसतात. दार उघडं ठेवून मला झोप लागणार नाही."

"मग काहीच नाही का?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "एक सोय आहे. आम्ही तिला ओळखीचं घर म्हणतो. आमच्या ओळखीतलं कुटुंब मुलांना एका दिवसासाठी घरी नेतं. त्यात नातं विचारत नाहीत, घर बघतात. मी स्वतः येऊन बघणार. गच्चीचा कठडा, औषधं कुठे ठेवता, शेजारी कोण. आणि तुमच्या बायकोला माझ्यासमोर हो म्हणावं लागेल, तुमच्या तोंडून नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण त्याआधी मुंगीला खरं सांगायचं. आज. मी सांगते, तुम्ही फक्त बसा. तुम्ही सुरू झालात, की कुठे थांबाल याचा नेम नसतो."

मुंगीला बोलावलं. बाईंनी तिला अगदी साध्या शब्दांत सांगितलं, की तो तुझा भाऊ नाही, आम्हाला वाटलं होतं, पण तसं नाही.

"बरं," मुंगी म्हणाली. बाई वाट बघत होत्या. मुंगीही वाट बघत होती. मग तिनेच विचारलं, "मग पुढच्या रविवारी येणार ना?"

बायकोने होकार दिला, पण फुकट नाही दिला. "तुमचं ठीक आहे," ती म्हणाली, "डोकं धरलं, कापलं, सोडलं. मला दिवसभर सांभाळायचंय. आणि एकदा आणलं, की नेहमी आणायचं. मध्येच कंटाळा आला, पाहुणे आले, असलं काही चालणार नाही. पोरं म्हणजे काही नवीन खुर्ची नाही." मोठ्या बाई आल्या, त्यांनी कठडा हलवून पाहिला, शेजारणीशी बोलल्या, मोरीतला नळ उघडून बघितला आणि जाताना बायकोचा हात हातात घेतला. मामांशी त्या फक्त 'बरं मामा' एवढंच बोलल्या.

आता उरला वकील. मामा व्हरांड्यात गेले. तो खांबाला टेकून उभा होता, केस डोळ्यांवर आलेले.

"मुंगीला सांगितलं," मामा म्हणाले. "सगळं."

"रडली?"

"नाही. म्हणाली, बरं. मग विचारलं, पुढच्या रविवारी येणार ना?"

वकिलाच्या कपाळाला आठी पडली. "तिला नीट समजलंय का?"

"ते मी कसं सांगू? मी एकदा तोंडघशी पडलोय. तूच विचार."

"आणि मी कोण म्हणून यायचं?"

मामांच्या ओठांवर दोन-तीन उत्तरं आली होती. पाहुणा म्हणून, मित्र म्हणून, माझ्या घरचा म्हणून. त्यांनी ती सगळी गिळली. त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

वकील बराच वेळ खांबाचा रंग नखाने खरवडत राहिला. मग विचारलं, "आत्ता हातात कात्री आहे?"

"आहे."

"डोळ्यांवरचे तेवढे कापा. बाकीचं बघू."

रविवारी तिघं मुलींच्या इमारतीपाशी गेले, मामा, बायको आणि वकील. फाटकावर त्या दिवशी नवा पहारेकरी होता, नोकरीचा पहिलाच आठवडा, टोपी अजून कडक. त्याने बाईंची चिठ्ठी उलटसुलट पाहिली. मामा आणि बायकोची नावं जुळली. मग त्याने वकिलाकडे बोट दाखवलं.

"आणि हा? तिचा कोण?"

मामांनी खाली बघितलं. बायकोने त्यांच्या हाताला चिमटा काढला, म्हणजे त्यांनी बोलू नये. आतून जिन्यावर पावलं धडधडत खाली येत होती, कोणाची तरी नाडी सुटलेली असावी, कारण मध्येच एक पायरी चुकल्याचा आवाज आला आणि पुन्हा धावणं सुरू झालं.

"ते अजून ठरायचं आहे," वकील म्हणाला. "पण ती पडेल, आधी फाटक उघडा."